एका बोटाने उघडणारे कपाट

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दारे असलेली घरे हजारो असतील, पण दारांवर इतका जीव लावलेला आणि दारांनी इतका छळलेला माणूस आमच्या मावसाजींखेरीज दुसरा झाला नाही. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. पवनीच्या बाजारात त्यांचे किराण्याचे लहानसे दुकान होते, डोक्यावर टोपी होती, गिऱ्हाइकाशी गोड बोलणे होते. म्हणजे चारचौघांसारखे दिसण्याची सगळी सामग्री होती. पण या माणसाला एक साधे दोन दारांचे कपाट करून घ्यायला जवळजवळ एक तप लागले. सुतार मिळत नव्हता असे नाही. लाकूड ठरत नव्हते. आता आमच्या झाडीपट्टीत लाकूड मिळत नाही म्हणणे म्हणजे तळ्यात उभे राहून तहान लागली म्हणण्यासारखेच. साग, बीजा, येन, हळदू, शिवण, जे मागाल ते डेपोत रचलेले असे. मावसाजींना मात्र लाकूड नको होते, त्यांना लाकडाचा भरवसा हवा होता, आणि तो कोणत्याच डेपोत विकायला नव्हता.

याचे मूळ त्यांच्या लग्नात होते. आमच्याकडे मुलीला आंदणात कपाट द्यायची रीत, आणि लग्ने सगळी वैशाखात. त्या उन्हात लाकूड वाळून पार खडखडीत झालेले असते, आणि सुतार आपली करामत दाखवायला दार असे गच्च बसवतो की फटीतून काडी जाऊ नये. मुलीचा बाप त्यावर हात फिरवून खूश होतो, वरात निघते, कपाट बैलबंडीवर चढते. मग लागतो आषाढ. धानाच्या बांध्यांत पाणी साचते, हवा ओल्या चादरीसारखी अंगाला चिकटते, आणि ते गच्च बसवलेले दार फुगून जे चौकटीत रुतते ते दसऱ्यापर्यंत हलत नाही. सबंध जिल्ह्यातल्या सासुरवाशिणींची ठेवणीतली लुगडी दर पावसाळ्यात अशी आपापल्या माहेरच्या कपाटात अडकून पडत. आणि गंमत अशी, की यात काही चुकते आहे असे कोणाला वाटत नसे. मृगाच्या आधी जशा मिरच्या भरायच्या, गोवऱ्या आत घ्यायच्या, तसे पावसाळ्यात लागणारे कपडे कपाटातून काढून ठेवायचे, इतकेच. मावशीचे कपाट तर आंब्याच्या लाकडाचे होते, आणि आंबा पाणी पिण्यात कोणाला हार जात नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नागपूरला दिलेल्या त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे डोहाळजेवण श्रावणात निघाले आणि मावशीचे कोशाचे रेशमी लुगडे कपाटात राहिले. सकाळची एसटी धरायची होती. मावसाजींनी भिंतीला एक पाय लावला, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि सगळी ताकद लावून ओढले. मूठ आली. दार जिथल्या तिथे राहिले आणि मावसाजी मूठ छातीशी धरून मागे ठेवलेल्या गुळाच्या भेलीवर बसले. कुऱ्हाड घालू का, असे त्यांनी बसल्याबसल्याच विचारले, पण कपाट माहेरचे, त्यावर कुऱ्हाड कोण घालू देईल? मावशी धुवट लुगड्यात नागपूरला गेली. तिथे विहीणबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून विचारले, "गाडीत लय भिजल्या वाट्टे?" मावशी जेवली नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी ती तिथेच राहायची होती, मावसाजी एकटे परतणार होते. त्यांना पोचवायला ती बसपर्यंत आली आणि म्हणाली, "आयका. श्रावनात एका बोटानं उघडंन असं कपाट करून ठेवा. मंगच मले बोलावजा."

दुसरा कोणी असता तर हसला असता, किंवा येताना नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून पत्र्याचे कपाट उचलून घेऊन आला असता. मावसाजींनी मावशीचे बोलणे शपथेसारखे घेतले. पत्र्याच्या कपाटाचा विषय कोणी काढला तर ते नाक मुरडत. "लोखंडाले पावसाळ्यात घाम येते बापा. त्या घामाचा गंज होते, अन् गंजाचा डाग लुगड्यावर पडते. डागाचं लुगडं अन् अडकलेलं लुगडं, काय फरक आहे सांगा?"

मग परीक्षा सुरू झाल्या. त्यांनी प्रत्येक लाकडाचे वीतभर दार करून घेतले, त्याला चौकट, बिजागऱ्या, एक नखभर मूठ, सगळे रीतसर, आणि ती दारे ओसरीच्या भिंतीवर ओळीने ठोकली. उघडले की मागे भिंत. रोज अंघोळ झाली की मावसाजी देवाला नमस्कार करीत आणि मग ओसरीवर येऊन एकेक दार उजव्या हाताच्या तर्जनीने उघडीत, लावीत, आणि दर दाराजवळ काहीतरी पुटपुटत पुढे सरकत. नवा माणूस आला की त्याला वाटे, हे घराण्यातले काही व्रत असावे. एकदा पंचायतीच्या कामाने आलेल्या एका साहेबाने शंभरदा मनाला आवरून शेवटी विचारलेच, "या दारांत काय ठेवता हो?" मावसाजी म्हणाले, "काईच नाई साहेब. दारं ठेवतो." साहेबाने चहा अर्धा टाकला आणि निघून गेला.

हवेत ओल किती हे पाहायला त्यांना यंत्राची गरज नव्हती. दुकानातले खडे मीठ हेच त्यांचे यंत्र. सकाळी पोत्यात हात घालून बोटे चोळायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "आज मीठ रडून राहिलं." मीठ रडले म्हणजे त्या दिवशी येन आणि आंबा उघडणार नाहीत; मीठ रडले नाही पण गूळ पाझरला, म्हणजे बीजा अडेल आणि साग नखरा करील. एखाद्या बाईने नुसती काड्यापेटी मागितली तरी पेटीतली काडी आधी स्वतः ओढून पाहात. मी भंडाऱ्याला शाळेत भूगोल शिकवत होते आणि हवेतली आर्द्रता हा धडा मला दरवर्षी घ्यावा लागे. मुलींना पुस्तकातल्या आकृतीवरून काही समजत नसे. मग मी मावसाजींच्या मिठाची गोष्ट सांगायची आणि वर्ग हसून हसून लोळायचा. परीक्षेत एका मुलीने लिहिले की आर्द्रता रडण्यावरून मोजतात. मी तिला पूर्ण गुण दिले.

लाकडांविषयी ते बोलत तेव्हा सोयरिकीतल्या माणसांविषयी बोलावे तसे बोलत. बीजा देखणा, पण ओल लागली की पिवळे सोडतो, म्हणजे घरात घ्यायच्या लायकीचा नाही. येन मनाचा कठोर, उन्हाळ्यात अंगावर भेगा पाडून घेईल पण वाकणार नाही. हळदू गोरा, गुळगुळीत, बोलायला गोड. सागाविषयी त्यांचे मत थोडे आकसाचे होते. "साग चांगलाच आहे वो. पन आपन चांगले आहोत हे त्याले मालूम आहे." नागपूरच्या जावयाने एकदा मोठ्या हौसेने प्लायवूडचा तुकडा पाठवला, आता सगळीकडे हेच चालते असा निरोप देऊन. मावसाजींनी त्याचेही दार करून भिंतीवर लावले, नव्या पाहुण्याला द्यावी तशी त्याला पहिली जागा दिली. पोळ्याच्या सुमाराला त्याचे पदर पापडासारखे सुटले. मावसाजींनी ते दार काढून फडक्यात गुंडाळून ठेवले आणि जावयाला काही कळवले नाही. जावयाचा अपमान होऊ नये एवढी समज त्यांना होती.

ही समज परक्यांच्या बाबतीत मात्र कुठे जाई कोण जाणे. कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी ते त्या घरचे कपाट उघडून पाहात. माझा धाकटा भाऊ चिखल्याला मँगनीजच्या खाणीत कामाला होता. खाली बारमाही ओल असते असे ऐकून त्यांनी शिवणीचे एक वीतभर दार त्याच्या हाती दिले आणि ते खाली नेऊन टांगायला सांगितले. भावाने पाळीला जाताना ते डब्याच्या पिशवीत घातले, आणि मुकादमाने पिशवी तपासली. जमिनीखाली दार कशाला हवे, या प्रश्नाला भाऊ जे उत्तर देऊ लागला त्यातून प्रकरण आणखीच बिघडत गेले. माझ्या लग्नाच्या बैठकीत तर त्यांनी कमालच केली. देण्याघेण्याचे बोलणे अगदी नाजूक ठिकाणी आले असताना मुलाच्या वडिलांना त्यांनी विचारले, "तुमच्या घरचं कपाट पावसाळ्यात अडते का?" वडील म्हणाले, "अडते. काहून?" मावसाजी बैठकीकडे वळून म्हणाले, "खरं बोलनारी मानसं आहेत. पोरगी द्या." मी दिली गेले. माझ्या सासरचे कपाट आजही श्रावणात अडते.

हे सगळे ऐकून हसू येते, मलाही येई. पण भंडाऱ्याहून कधी सुटीच्या दिवशी मी पवनीला जाई तेव्हा दुपारच्या वेळी त्या घरात बसवत नसे. मावशी नागपूरलाच राहिली होती. मुलीचे पहिले बाळंतपण झाले, मग दुसरे, मग मुलीला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि नातवंडांना सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. मग मावशीचे गुडघे धरले, आणि पुढे तिकडे टीव्हीही आला. ती दिवाळीला येई, कधी एखाद्या लग्नाला येई, आठ दिवस घर झाडून पुसून देई आणि परत जाई. दोघांत भांडण असे कधी नव्हतेच. मावसाजी बाजारातल्या भोजनालयात जेवत. घरातली चूल शेणाने सारवलेली, कोरी, गार. स्वयंपाकघरात जाते होते त्याच्या तोंडात कोळ्याने जाळे केले होते. ओसरीवर मात्र सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलेले असायचे.

एकदा मी त्यांना विचारले, "मावसाजी, शिवन तर दर वर्सी पास होते. मंग काहून करून घेत नाही कपाट?"

ते शिवणीच्या दाराची मूठ धरून उभे होते. "होते. पन अजून एक पावसाळा पाहू वो बाई. लाकडाचा भरोसा नाही."

असे दर वर्षी एक पावसाळा राहून जाई. मला उशिराने समजले, आणि समजले तेव्हा वाईट वाटले. जोवर लाकूड ठरत नव्हते तोवर मावशीच्या न येण्याला काहीतरी कारण होते. कपाट झाले, ते श्रावणात एका बोटाने उघडले, आणि तरी ती आली नाही, तर मग मावसाजींनी लोकांना काय सांगायचे, आणि मुख्य म्हणजे रोज सकाळी ओसरीवर येऊन स्वतःला काय सांगायचे?

मग एका वर्षी अनपेक्षित झाले. जावयाची बदली दूरच्या गावी झाली, तिकडे घर लागेपर्यंत मुलगी आणि नातवंडे गावी जावयाच्या आईकडे गेली, आणि मावशी ऐन श्रावणात पवनीला राहायला आली. तिने आल्याआल्या चूल पेटवली. सकाळी चहा, मग भाकरी, भात, संध्याकाळी पुन्हा भात. चुलीवरच्या दोरीवर ओली लुगडी वाळू लागली, खिडक्या उघडल्या गेल्या, धुराने घर भरून वाहू लागले. मी मुद्दाम रविवारी गेले. मावसाजींनी मला दारातच हाताला धरून ओसरीच्या टोकाला नेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पाह्य, येन उघडून राहिला. बीजा उघडून राहिला. आंबा, बाई, आंबा!" आणि त्यांनी एका बोटाने ते आंब्याचे दार उघडून दाखवले. बाहेर पाऊस कोसळत होता. मीठही रडत होते, पण ते दुकानात. आतून मावशी ओरडली, "भिताडाची दारं उघडत बसा, अन् इकडं भात गार होऊन राहिला!" मावसाजी हसत आत गेले. इतके हसताना मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते.

जावयाला तिकडे घर लागले आणि मावशी घटस्थापनेच्या आधी मुलीकडे निघून गेली. परतीचा पाऊस लांबला होता. मी पुन्हा गेले तेव्हा भिंतीवरची दारे एकामागून एक पहिल्यासारखी अडलेली होती, फक्त शिवण तेवढी उघडत होती. मावसाजी दुकान न उघडता ओसरीवर बसले होते.

"लाकडाचा दोष नोहता वो," ते म्हणाले. "इतके वर्स मी लाकडाले नावं ठेवली. घर ओलं होतं. चूल नाही पेटत त्या घरात कोनतं लाकूड टिकन?"

मी नुसती त्यांच्याजवळ बसून राहिले आणि मग बसची वेळ झाली.

आता कारण सांगायला काही उरले नव्हते. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी शिवणीचे कपाट करायला घातले, तेही भर श्रावणात, लाकूड फुगलेले असतानाच दार बसवायचे अशा अटीवर, म्हणजे यापुढे ते आणखी फुगणार नाही. लग्न नसताना, वैशाख नसताना कपाट होते आहे म्हटल्यावर पवनीतले लोक विचारू लागले, कोणाचे जमले? सुतारालाही ते बरे वाटेना. कपाट तयार झाले. साधे, फिक्या पिवळसर रंगाचे, दोन दारांचे. मावसाजींनी मावशीला बोलावणे पाठवले आणि मलाही. मावशी नातवाची शाळा सुटायच्या आत परत जायचे असे ठरवूनच आली होती, कारण तोवर जावई पुन्हा नागपूरला आला होता. कोशाचे ते लुगडे मावसाजींनी ट्रंकेतून काढून तयार ठेवले होते. मावशी कपाटापुढे उभी राहिली. तिने एक बोट लावले. दार उघडले, आवाजही न करता.

"बरं झालं," ती म्हणाली. "पन येवढा कायले खर्च केला? माह्या कामाचं का आता ते?"

मावसाजी म्हणाले, "तूच म्हनली होती न. बसपाशी. एका बोटानं उघडंन असं."

मावशीने बराच वेळ आठवून पाहिले. मग माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा त्यांच्याकडे. "मी? मले तं याद बी नाही जी. रागात म्हनली असन." आणि मग, काहीतरी चुकले हे उमगून, हळू आवाजात, "मी काय कपाटासाठी थोडीच थांबली तिकडं."

"मले मालूम आहे," मावसाजी म्हणाले.

तिने लुगड्याची घडी नीट केली आणि वरच्या फळीवर ठेवली. हे राहू द्या इथे, मी आता कुठे नेसते, असे म्हणाली. जाताना मावसाजींच्या टोपीवरचे जळमट तिने बोटाने काढले. बस वेळेवर आली, आणि मावसाजी ती वळणावरून जाईपर्यंत उभे होते.

पुढच्या श्रावणात मी गेले तर अंगणातूनच धुराचा वास आला. मला वाटले मावशी आली. चप्पल काढून मी थेट आत गेले. चुलीत लाकडे छान पेटली होती, मावसाजी समोर पाटावर बसले होते, आणि चुलीवर काहीच नव्हते.

"काय मांडलं मावसाजी?"

"काही नाही वो. कपाटासाठी पेटवतो सकाळ-संध्याकाळ. घर सुकं राहते. ती कधी बी आली तर दार अडू नाही."

"मग दोन मुठी भात का नाही ठेवत? इतकी आग वाया जाऊन राहिली."

"एकट्यासाठी कोन मांडते," ते म्हणाले. "माह्यं भोजनालयात चालते. लाकडाले ऊब लागते."

मी डबे उघडून पाहिले. धानाच्या मुलखात, किराणा विकणाऱ्याच्या घरात, तांदळाचा एक दाणा नव्हता. मला इतका राग आला, आणि राग कोणावर काढायचा ते समजेना म्हणून मी मावसाजींवरच ओरडले आणि त्यांना दुकानात पिटाळले. ते भिजत गेले आणि कागदाच्या पुडीत तांदूळ बांधून, गिऱ्हाइकाला देतात तसा दोरा गुंडाळून, घेऊन आले. मी भात केला. तोंडी लावायला मीठ आणि तेल एवढेच होते. मावसाजी चुलीजवळ बसून जेवले, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. कपाट पाहायला त्या दुपारी ते उठले नाहीत.

मला संध्याकाळच्या आत भंडाऱ्याला पोचायचे होते. मी छत्री उघडली तसे ते माझ्यामागे ओसरीपर्यंत आले आणि खांबाला हात लावून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "पुढच्या वेळी येशीन तर सांगून येजो. दाळ बी आनून ठेवतो घरी."